'पूर्ण बरा झाल्यावर या' असं लिहिणाऱ्या कॉलेजला खुलं पत्र

इंदूर, 12 डिसेंबर 2025

मा. अध्यक्ष, संचालक मंडळाचे सर्व सदस्य आणि मा. प्राचार्य यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या कार्यालयाचं तीन ओळींचं पत्र ऑक्टोबरच्या शेवटी माझ्या बहिणीच्या घरी आलं. पत्र हिंदीत होतं. त्यातलं मुद्द्याचं वाक्य मराठीत सांगायचं तर असं : विद्यार्थी पूर्णपणे बरा झाल्यावर, तसं वैद्यकीय प्रमाणपत्र सादर केल्यास, त्याच्या पुढील प्रवेशाचा विचार करण्यात येईल. खाली सही आणि शिक्का.

हे पत्र ज्या मुलाबद्दल आहे त्याचा मी मामा. सांवेर रोडवर माझं फॅब्रिकेशनचं लहानसं वर्कशॉप आहे. 28 वर्षं लोखंड कापतो, जोडतो. पत्रं लिहिणं हे माझं काम नव्हे. पण ते पत्र आल्या दिवसापासून माझ्या भाच्याने पुस्तक उघडलेलं नाही, आणि बहीण त्याच्यासमोर कॉलेजचा विषय काढत नाही. ज्या घरात चार महिने रोज 'जानेवारीत, जानेवारीत' चाललं होतं तिथे आता जानेवारीचं नाव कोणी घेत नाही. हे मला गुपचूप बघवत नाही, म्हणून चारचौघांना वाचता येईल असं लिहितो आहे.

कॉलेजचं नाव मी लिहीत नाही, भाच्याचंही लिहीत नाही. तुम्हाला दोन्ही ठाऊक आहेत. नावासह सही केलेली प्रत आजच तुमच्या कार्यालयात देऊन पोच घेतो आहे. आधीचे तीन अर्ज हिंदीत दिले होते. हे मराठीत लिहितो, कारण तुमच्यापैकी तिघं आमच्यासारख्याच मराठी घरांतले आहेत, गणपतीत आणि लग्नकार्यात आपली गाठ पडते. घरात ज्या भाषेत रडलो त्याच भाषेत एकदा तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

आधी काय झालं ते सांगतो, कारण सप्टेंबरात तुमच्याकडे झालेल्या बैठकीत ते कोणी विचारलं नाही.

2024 ची संक्रांत. भाचा तुमच्याकडे कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला, तिसरं सेमिस्टर आटोपून मोकळा झालेला. इंदुरात संक्रांतीला सगळ्या गच्च्या भरलेल्या असतात, तशी आमचीही होती. कठडा जेमतेम गुडघ्याइतका. पतंगाला ढील देत देत तो मागे सरकत गेला. दुसऱ्या मजल्याच्या वरून खाली गल्लीत, सिमेंटवर, आधी टाचा आणि मग बसकण. शुद्ध होती. 'पाय कुठे गेले' असं विचारत होता.

आम्ही चौघांनी त्याला उचललं. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले, आणि शेजाऱ्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसवलं. बसवलं. त्या चौघांत मी होतो. पाठीला मार बसलेल्या माणसाला असं उचलायचं नसतं, हे मला त्या रात्री डॉक्टरांकडून कळलं. 108 ला फोन करायचा, तोवर त्याला जागचं हलवायचं नाही, मान आणि पाठ एका रेषेत धरून ठेवायची, आणि हलवायचंच झालं तर सगळ्यांनी एकदम, ओंडका वळवावा तसं वळवून फळीवर घ्यायचं. पडल्यामुळे किती गेलं आणि आमच्या उचलण्यामुळे किती गेलं, हे कोणालाच सांगता येत नाही. मी ते स्वतःला रोज विचारतो. महिन्याभरात पुन्हा गच्च्या भरतील, म्हणून हे इथे लिहून ठेवतो. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

एल-1, म्हणजे कमरेचा पहिला मणका फुटला होता. ऑपरेशन झालं, दोन रॉड आणि आठ स्क्रू. तो एक्सरे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही, आयुष्यभर तेच काम करत आलो आहे. हाड जुळलं. पण हाडाच्या आतली मज्जारज्जू हाडासारखी जुळत नाही. ती पूर्ण तुटलेली नव्हती, चेपली होती. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं : जे परत येईल त्यातलं बरंचसं पहिल्या सहा महिन्यांत, वर्षभरात येईल, पुढचं फार सावकाश, आणि काही कदाचित येणारच नाही. व्यायाम सुटता कामा नये, कातडी जपा, लघवी जपा, आणि मन जपा. पहिल्या तिन्ही गोष्टींसाठी औषधं, साधनं, माणसं मिळाली. चौथीसाठी आम्ही तुमच्या दारात आलो.

या दोन वर्षांत घराने काय केलं ते सांगण्यात मोठेपणा नाही, असं घर इंदुरात आणखीही असेल. पण 'पूर्ण बरा' हे दोन शब्द लिहिणाऱ्याला ते माहीत असायला हवं.

अशा रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर ज्या जागेवर वजन येतं तिथली कातडी मरते आणि जखम हाडापर्यंत जाते. त्याला ते कळत नाही, कारण तिथे दुखतच नाही. एअर बेड आणला तरी वळवणं चुकत नाही. त्याच्या आजीने भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून पलंगाशी ठेवलं, आणि तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात वेळा लिहायला सुरुवात केली. 10, 12, 2, 4, 6. वळवलं की बरोबरची खूण. रात्री दहा ते दोन मी, दोन ते सहा त्याचे वडील, दिवसा बहीण. ऐंशी वर्षांची आजी कोणाच्याच पाळीत नव्हती आणि सगळ्यांच्या पाळीत जागी होती. फेब्रुवारी, मार्च, एप्रिलची पानं मी परवा पुन्हा काढून पाहिली. एकादशीच्या, चतुर्थीच्या खुणा त्या आकड्यांखाली दिसेनाशा झाल्या आहेत. एकही खूण चुकलेली नाही. त्याला आजतागायत बेडसोअर झालेलं नाही.

मे महिन्यात घरातल्या बोळात मी जीआय पाइपचे पॅरलल बार, म्हणजे धरून चालायचे दोन समांतर दांडे बसवले. बारा फूट लांब, त्याच्या कोपरांच्या उंचीप्रमाणे खालीवर करता येतील असे. आधी पायांना आधाराचे कॅलिपर बांधून नुसतं उभं राहायचं, तेही अर्धा मिनिट, मग डोळ्यांपुढे अंधारी यायची. आता मांड्यांत जोर आला आहे. घोट्याखाली अजून काही नाही. कॅलिपर आणि वॉकर घेऊन तो चाळीस पावलं चालतो आणि घामाने भिजतो. लांब जायचं तर व्हीलचेअर लागते. पलंगावरून खुर्चीत जायला मी त्याला सागाची एक फळी करून दिली, कडा घासून मेण लावलेली. पहिले दोन महिने तिच्यावरून आम्ही त्याला सरकवत होतो. आता सकाळी आम्ही उठायच्या आत तो एकटा खुर्चीत बसलेला असतो.

पुढची गोष्ट त्याला विचारून लिहितो आहे. तो म्हणाला, लिही मामा, नाहीतर त्यांना कळणारच नाही. त्याला लघवीची संवेदना परत आलेली नाही. दर चार-पाच तासांनी तो स्वतः कॅथेटर, म्हणजे बारीक नळी घालून लघवी काढतो. पाच मिनिटांचं काम आहे. त्याला हवं असतं ते एवढंच : स्वच्छ जागा, पाणी, आत खुर्ची जाईल असं दार, आणि ते दार बंद होणं. हे मिळणार नसेल तर असा माणूस काय करतो, तर पाणी प्यायचं सोडतो. मग जंतुसंसर्ग होतो, ताप चढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. मागच्या वर्षी दोनदा त्याला यासाठी दाखल करावं लागलं. पाठीचा कणा मोडलेल्या माणसाचा जीव पुढे बऱ्याचदा कण्यामुळे धोक्यात येत नाही, या असल्या गोष्टींमुळे येतो.

तर आता तुमच्या पत्राकडे येतो.

'पूर्णपणे बरा' म्हणजे तुम्हाला काय अभिप्रेत आहे? तो धावत जिने चढेल तेव्हा? तसं कदाचित कधीच होणार नाही, आणि हे त्याला आमच्याही आधी समजलं आहे. त्याचं बरं होणं आता घरात शिल्लक राहिलेलं नाही. घरात जे होण्यासारखं होतं ते झालं. त्याने सकाळी आंघोळ करून, डबा घेऊन, आठ तास घराबाहेर काढायचे, वर्गात चुकीचं उत्तर द्यायचं, मित्रांशी भांडायचं, उन्हाने काळं व्हायचं, हे बरं होणं बाकी आहे. ते तुमच्या इमारतीत व्हायचं आहे. आधी बरा हो आणि मग ये, असं म्हटलं की ते दोन्हीही थांबतं.

आणि तुम्ही जे प्रमाणपत्र मागता त्याचं मला फार वाईट वाटलं. आमच्याकडे सरकारी वैद्यकीय मंडळाने तपासून दिलेलं दिव्यांगत्वाचं कार्ड आहे. कायद्याच्या दृष्टीने त्याच्या दिव्यांगत्वाचा पुरावा म्हणजे तोच कागद. ते कार्ड अर्जाला जोडलेलं होतं. तुम्ही त्याच्या नेमका उलटा कागद मागितलात.

सप्टेंबरातल्या बैठकीबद्दल मला बोललंच पाहिजे. तुमच्या प्रवेशद्वाराला तीन पायऱ्या आहेत. तुमचा चौकीदार, दोन शिपाई आणि मी, अशा चौघांनी त्याला खुर्चीसकट उचललं. ती माणसं भली होती, त्यांनी जपून उचललं. पण पुन्हा चौघं, आणि पुन्हा मी त्यांच्यात. त्याने हातांनी खुर्ची घट्ट धरली होती आणि डोळे मिटले होते. जिन्यात उभी असलेली मुलं बघत होती. वर पोचल्यावर तो मला हळूच म्हणाला, "मामा, रोज चौघं कुठून आणायचे?"

त्यानंतर तुमच्या दालनात चाळीस मिनिटं बोलणं झालं, आणि त्या चाळीस मिनिटांत तुम्ही त्याच्याशी एक वाक्य बोलला नाहीत. 'हा किती दिवसांत चालेल?' हे मला विचारलंत. 'याला बसवतं का?' हेही मलाच. तो समोर बसलेला होता. त्याच्या मांडीवर फाइल होती, त्यात त्याने स्वतः टाइप केलेलं वेळापत्रक होतं, कोणते वर्ग कोणत्या मजल्यावर, मधल्या सुट्टीत त्याला किती वेळ लागेल, सगळं. ती फाइल कोणी मागितली नाही, आणि तो ती न उघडताच परत घेऊन आला.

दालनात तीन हरकती निघाल्या, त्यांची उत्तरं तेव्हा मला सुचली नाहीत, आज देतो.

सोय नाही, असं म्हणालात. बैठकीनंतर तुमच्याच व्यवस्थापकांची परवानगी घेऊन मी टेप लावला. तीन पायऱ्या, प्रत्येकी 6 इंच, एकूण चढ 18 इंच. रॅम्पचा नियम असा की एक इंच चढाला किमान बारा इंच लांबी, म्हणजे 18 फूट रॅम्प. तुमच्या पायऱ्यांपुढे पार्किंगपर्यंत 31 फूट मोकळी जागा आहे, मध्ये झाड नाही, खांब नाही. वर जायला लिफ्ट आहे. तिच्यावर 'केवळ कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी आहे आणि कुलूप आहे. तिचं दार 32 इंच, भाच्याची खुर्ची 25 इंच. मुलांच्या स्वच्छतागृहांची दारं 24 इंच, म्हणजे खुर्ची एका इंचाने अडते. पण तळमजल्यावर पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं जे स्वच्छतागृह आहे, त्याचं दार 33 इंच आहे आणि आत खुर्ची वळते. तेही कुलपात आहे. म्हणजे सोय नाही असं नाही. दोन कुलपं आहेत आणि 18 इंच आहेत.

अनंत चतुर्दशीला आपल्या इंदुरात ज्या झांक्या रात्रभर निघतात, त्यांतल्या काहींचे लोखंडी सांगाडे माझ्या वर्कशॉपमध्ये बनतात. दोन-दोन मजली देखावे आम्ही ट्रॉलीवर चढवतो आणि ते हलतात, फिरतात, गर्दीतून जातात. एका मुलाला 18 इंच वर नेणं आपल्या गावाला जमत नाही, हे मी कसं पटवून घेऊ?

दुसरी हरकत, काही झालं तर जबाबदार कोण. हा प्रश्न काळजीचा आहे हे मला मान्य आहे. तो 21 वर्षांचा आहे, मतदान करतो. त्याची औषधं, त्याचं कॅथेटर, खुर्चीत दर वीस-तीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलायचं, हे सगळं तो स्वतः करतो. वर्गात तो तसा उचलला गेला तर तो चुळबुळ करत नाही, आपली कातडी वाचवत असतो, एवढं शिक्षकांना कळवलं की झालं. पहिला महिनाभर मी किंवा त्याचे वडील रोज आवारात बसून राहू. लेखी हवं असेल तर लेखी देतो.

तिसरी हरकत मी ऐकली तेव्हा माझ्या बहिणीने मान खाली घातली. इतर मुलांच्या मनावर परिणाम होईल म्हणालात. त्याच्या वर्गातली चार मुलं दोन वर्षं जवळपास दर रविवारी घरी येतात. वह्या आणून देतात, आजीच्या हातची साबुदाण्याची खिचडी खातात, पॅरलल बारमध्ये तो चालताना मोठ्याने पावलं मोजतात. परिणाम झालाच आहे, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. ती मुलं आता शेवटच्या वर्षाला आहेत, जूनमध्ये तुमच्याकडून बाहेर पडतील. त्यांच्यासोबत त्या आवारात निदान एक सेमिस्टर काढावं, म्हणून त्याची जानेवारीची एवढी घाई आहे. हे कारण अर्जात लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितो.

तुम्हाला एक दिवस सांगतो. यंदा 31 मे रोजी आपल्या शहरात मेट्रो सुरू झाली. मार्ग अजून छोटा आहे, जायचं असं काही ठिकाण नव्हतं, पण जूनमध्ये एका संध्याकाळी आम्ही त्याला घेऊन गेलो. स्टेशनवर लिफ्ट, रुंद गेट, फलाट आणि डब्याची पातळी एक. मी सवयीने मागून हँडल धरलं होतं. "सोड मामा," तो म्हणाला. मी सोडलं. तो एकटा आत गेला, खिडकीशी जाऊन थांबला, चाकांचे ब्रेक लावले. अपघातानंतर दीड वर्षाने प्रथमच तो घराबाहेर अशा जागी होता जिथे त्याला कोणी उचललं नाही, ढकललं नाही, वाट करून दिली नाही. परत आल्यावर रात्री त्याने चौथ्या सेमिस्टरची पुस्तकं काढली आणि मला विचारलं, कॉलेजला अर्ज करू का. तुमच्याकडचा जुलैचा पहिला अर्ज असा आला आहे.

कायद्याचं बोलायचं माझ्या मनात नव्हतं, पण पत्रोत्तराने ती वेळ आणली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे, तो एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या कलम 16 प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी अशा मुलांना भेदभाव न करता घ्यायचं आहे, इमारत आणि आवार त्यांना वापरता येईल असं करायचं आहे, आणि प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय द्यायची आहे. खाजगी इमारत असली तरी ती शिक्षणासाठी वापरली जात असेल तर हा कायदा तिला सार्वजनिक इमारत मानतो. जुन्या इमारतींना बदलायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून 2017 मध्ये आले. मुदत जून 2022 मध्ये संपली, म्हणजे माझा भाचा पडला त्याच्या दीड वर्ष आधी. नोव्हेंबर 2024 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. तंत्रशिक्षणाच्या कॉलेजांना मान्यता देतानाच्या अटींतही रॅम्प आणि दिव्यांगांसाठी स्वच्छतागृह येतं. हे तुमच्या कागदपत्रांत असणारच.

पहिल्या गुन्ह्याला या कायद्यात 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. तुम्ही तो भरलात तरी माझ्या भाच्याला त्यातून काही मिळणार नाही. मला तक्रारीचा मार्ग माहीत आहे, राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे जाता येतं हेही माहीत आहे. तिथे जायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं, कारण त्याला त्याच आवारात अजून अडीच वर्षं शिकायचं आहे. भांडून मिळालेल्या वर्गात बसणं त्यालाच जड जाईल.

मुरलीकांत पेटकरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सांगली जिल्ह्यातले. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. मेजर अहलुवालिया त्याच 1965 साली एव्हरेस्टवर चढले, त्याच वर्षी युद्धात मानेत गोळी लागून पुढचं आयुष्य व्हीलचेअरवर काढलं, आणि दिल्लीत कण्याच्या दुखापतींचं मोठं रुग्णालय उभं केलं. यांना कोणी आधी पूर्ण बरे होऊन या म्हटलं असतं तर? पण हा विषय मी लांबवत नाही. येणारे-जाणारे ही उदाहरणं आमच्या पोराला फार ऐकवतात आणि तो थकतो. त्याला पदक नको आहे, डोंगर नको आहे. त्याला डेटा स्ट्रक्चरच्या तासाला बसायचं आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

ऑक्टोबरचं पत्र मागे घ्या, आणि जानेवारीत सुरू होणाऱ्या चौथ्या सेमिस्टरला त्याला बसू देत असल्याचं लेखी कळवा. तंदुरुस्तीच्या प्रमाणपत्राची अट काढा. लिफ्टची पाटी उतरवा, किल्ली कॉलेजच्या वेळात दारापाशी राहू द्या. तळमजल्याचं ते स्वच्छतागृह उघडा आणि आत भिंतीला धरायचा एक दांडा बसवू द्या. 75 टक्के हजेरीची अट त्याला मान्य आहे, मात्र तपासणीसाठी किंवा जंतुसंसर्गाने दाखल व्हावं लागलं तर ते दिवस वैद्यकीय रजेत धरा. तीन तासांच्या परीक्षेत त्याला एकदा उठून जाऊ द्या आणि तेवढा वेळ शेवटी भरून द्या.

आणि आणखी एक, जे त्याने स्वतः सांगितलं नाही, मी मागतो आहे. पुढची बैठक झाली तर प्रश्न त्याला विचारा.

पैसे मागत नाही. फी भरली जाईल, जशी आजवर वेळेवर भरली. अपघातानंतर बहिणीने दागिने मोडले, मेहुण्यांनी फंडातून रक्कम काढली, विमा दोन महिन्यांतच संपला. तरी तुमची फी कशातूनही कापली गेली नाही, ती वेगळी ठेवलेली आहे, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

तुमच्याकडे हा पहिलाच मुलगा असेल, शेवटचा नसेल. बायपासवर, खंडवा रोडवर रोज जे अपघात होतात त्यांत याच वयाची मुलंही जायबंदी होतात. त्यांच्यातली किती तुमच्याकडे अर्ज करायच्या आधीच घरी बसली असतील, याचा हिशेब कोणाकडेच नाही. 2017 पासून सलग सात वेळा जे शहर स्वच्छतेत पहिलं आलं, त्या शहरातल्या घराघराने ओला आणि सुका कचरा वेगळा करायला शिकून घेतलं. आपल्याला सवयी बदलता येतात.

रॅम्पसाठी मी कोणाचीही वाट पाहत बसलेलो नाही. 18 फुटांचे चॅनल कापून ठेवले आहेत, चार फूट रुंदीची चेकर प्लेट आणली आहे, पावसात पाय किंवा चाक घसरणार नाही अशी. दोन्ही बाजूंचे कठडे बांधून तयार आहेत, रंगाचा पहिला हात झाला आहे. नटबोल्टवर बसणारा आहे, तुमच्या एकाही फरशीला भोक पडणार नाही, आणि उद्या नको झाला तर दोन तासांत उतरवता येईल. त्याचा खर्च मी तुमच्याकडून घेणार नाही. फक्त आवाराचं फाटक उघडायला माणूस लागेल. तुमचं होकाराचं पत्र मिळालं की येणाऱ्या रविवारी सकाळी सात वाजता मी टेम्पो घेऊन येतो. दुपारपर्यंत काम होईल.

कळावे,

आपला विश्वासू,
चौथ्या सेमिस्टरच्या एका विद्यार्थ्याचा मामा